दुसरीतून तिसरीत जाताना शाळा बदलावी का?

पत्र: "माझी मुलगी सात वर्षांची आहे, नाशिकमधल्या एका खासगी इंग्रजी शाळेत दुसरीत शिकते. बोर्ड स्टेटच. शाळा नऊ किलोमीटरवर. व्हॅन सकाळी आठला पाच कमी असताना येते आणि दुपारी साडेतीनला सोडते, पाच ते साडेसहा ट्यूशन. एवढं करूनही तिला इंग्रजी वाचता येत नाही, धडे पाठ करते. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. बाई म्हणतात, 'शी इज स्लो.' आम्ही दोघंही मराठीतून शिकलो, त्यामुळे घरी शिकवायला अडचण येते. घरापासून दहा मिनिटांवर जुनी अनुदानित मराठी शाळा आहे, तिथे सेमी इंग्रजीची तुकडी आहे. मला ती योग्य वाटते. मिस्टर म्हणतात, इंग्रजी माध्यमातून काढलं तर ती मागे पडेल, बदलायचीच तर नवीन झालेल्या सीबीएसई शाळेत घालू. सासूबाईंना लोक काय म्हणतील याची काळजी. काय करावं?"

ताई, पत्रात प्रश्न एक असला तरी अडचणी चार आहेत: वाचन, पोटदुखी, प्रवास आणि बाईंचा तो शेरा. शाळा बदलली की यातल्या काही जुन्या शाळेतच राहतील आणि काही दप्तरातून नव्या शाळेत येतील. कोणती कुठे जाणार, हे ओळखता आलं की निर्णय बराचसा आपोआप होतो. तेवढ्यासाठी तीन आठवडे द्या. वर्ष मध्येच तोडायचं नाही, म्हणजे निकालापर्यंत वेळ आहेच.

सुरुवात वाचनापासून करा, कारण खरी गाठ तिथेच दिसते. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट मिळतात. दुसरीचं मराठीचं एखादं पुस्तक उतरवून घ्या आणि तिने न पाहिलेला सोपा उतारा काढा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. अडखळली तर मध्ये सांगू नका. मग उताऱ्यावर दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी हेच तिच्या इंग्रजी पुस्तकावर करा, पण तिथे एक काळजी घ्या: पाठ झालेला धडा मुलं चित्र बघून घडाघडा म्हणतात आणि आपल्याला वाटतं वाचलं. चित्रावर हात ठेवा आणि त्याच धड्यातले शब्द खालून वर, मधलेमधले दाखवा. धडा येतो पण सुटा शब्द येत नाही, असं झालं तर तिला अक्षरांवरून आवाज जुळवायला कोणी शिकवलेलंच नाही, फक्त स्पेलिंग घोकून घेतलं आहे. हा शिकवण्याच्या पद्धतीतला दोष आहे, मुलीच्या डोक्यातला नाही.

अंदाजासाठी एक आकडा देतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. इंग्रजी शाळेत मराठी हा फक्त एक विषय असतो, त्यामुळे तुमच्या मुलीने मराठीत २५-३० शब्द वाचले तरी मी ते चांगलं धरेन. इंग्रजीत तेवढेही आले नाहीत, तर अडचण माध्यमाची आहे हे स्पष्ट आहे.

गणिताचीही अशीच परीक्षा घ्या. तोंडी मराठीत विचारा, "तुझ्याकडे ४३ मणी होते, १८ दिले, किती उरले?" मग तेच उदाहरण तिच्या पुस्तकातल्यासारखं इंग्रजीत लिहून द्या. तोंडी जमलं आणि कागदावरच्या "हाऊ मेनी आर लेफ्ट"पाशी ती तुमच्याकडे बघत बसली, तर तिला वजाबाकी येते, वाक्य कळत नाही. अशा मुलाला ट्यूशन लावून फारसा उपयोग होत नाही, कारण ट्यूशनच्या बाईही त्याच वाक्यातून शिकवतात आणि शेवटी उत्तर लिहून देतात.

आता उलटी शक्यता. मराठीतही ती सुट्या अक्षरांशीच अडकत असेल, काना-मात्रा गाळत असेल, ओळ सोडून वाचत असेल, मात्र तुम्ही वाचून दाखवलेली गोष्ट नीट सांगत असेल, तर नुसतं माध्यम बदलून भागणार नाही. आधी डोळे तपासा आणि कानही. पाठीमागच्या बाकावरून फळा न दिसणारं मूल "स्लो" ठरल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. दोन्ही ठीक निघाले तर बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं न जमण्याचं) पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी सहसा करत नाहीत, पण वाचनाची मदत सुरू करायला निदानाची वाट बघावी लागत नाही. अशा मुलाची शाळा वर्षभरात दोनदा बदलू नये.

पोटदुखीसाठी कॅलेंडर घ्या आणि तीन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा: दुखलं का, किती वाजता, आणि त्या दिवशी शाळेत काय होतं. रविवारी आणि सुट्टीत दुखतं का? पीटीच्या दिवशी? टेस्टच्या दिवशी? सोमवारी जास्त आणि शुक्रवारी कमी, असा काही नेम दिसतो का? शिवाय एक गोष्ट न विसरता बघा: पाण्याची बाटली भरलेली परत येते का. शाळेचं स्वच्छतागृह घाण असेल, कडी लागत नसेल किंवा तासाला जाऊ देत नसतील, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते आणि खरोखर पोट दुखतं. तेव्हा "नाटकं करते" म्हणण्याआधी बाटली आणि डबा बघा, आणि एकदा डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या.

तिला "शाळा आवडते का?" विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर असतं. "आज कोणाशेजारी बसलीस? मधल्या सुट्टीत कुठे होतीस? बाई आज कोणाला ओरडल्या?" असं विचारा, आणि तेही जेवताना किंवा वेणी घालताना. "तुला शाळा बदलायची का?" हा प्रश्न तर नकोच. सात वर्षांच्या मुलीवर तो निर्णय टाकला की पुढे काही बिनसलं की तिला आपलीच चूक वाटते.

यात मारहाण, वर्गासमोर अपमान, व्हॅनमध्ये किंवा शाळेत अंगचटीला येणं असं काही निघालं तर वरचे तीन आठवडे विसरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या, दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग गाठा. अंगचटीचा प्रकार असेल तर शाळेच्या उत्तरासाठी थांबूच नका, थेट पोलिसांत जा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

तसं काही नसेल तर आत्ताच्या शाळेशी एकदा नीट बोला. पालकसभेच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागून जा आणि वह्या सोबत न्या. "ती हुशार आहे का?" हे विचारण्यात अर्थ नाही. तिला नेमकं काय वाचता येतं, न येणाऱ्या मुलांसाठी वर्गात वेगळं काय करता, वर्गात मुलं किती, आणि तिसरीला कोणत्या बाई असतील, हे विचारा. शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. कटकट एका बाईंपुरती असेल तर जूनमध्ये ती आपोआप संपते आणि त्यासाठी शाळा सोडणं म्हणजे उगाच घर बदलणं. पण "स्लो" म्हणणाऱ्या शिक्षिकेला मूल कुठल्या अक्षरापाशी अडतं हे सांगता येत नसेल, तर मला त्या शाळेकडून पुढच्या वर्षी फार अपेक्षा वाटत नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. नव्या सीबीएसई शाळेत इमारत चांगली असेल, पण मुलीची अडचण इंग्रजी वाक्य न कळण्याची असेल तर तिथे तीच अडचण आणखी जाड पुस्तकांसकट भेटेल. शिवाय "सीबीएसई पॅटर्न" आणि सीबीएसईची संलग्नता यांत फरक आहे. पॅटर्न म्हणजे फक्त पुस्तकं तशी. संलग्नता असेल तर क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावासकट सापडतो. शाळा कोणतीही असो, तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) विचारा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली की तिथूनच परत फिरा, कारण अनधिकृत शाळेचा दाखला पुढे चालत नाही. आणखी एक अडचण तारखांची आहे. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि आपल्याकडचा निकाल साधारण १ मेच्या सुमारास लागतो. म्हणजे मूल नव्या वर्गात उशिरा तरी जातं किंवा जुन्या शाळेची परीक्षा न देता तरी.

"इंग्रजीत मागे पडेल" ही भीती मात्र खोटी नाही, तिला उत्तर हवं. सेमीत गणित इंग्रजीतून असतं, पुढच्या वर्गांत विज्ञानही, आणि इंग्रजी विषय पहिलीपासून असतोच. बाकी विषय मराठीतून. तिसरीला परिसर अभ्यास येतो, म्हणजे नकाशा, पाणी, अन्न, गावाचा कारभार. हे सगळं समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. जी भाषा ऐकून कळत नाही त्या भाषेत मूल हे फक्त पाठ करतं, आणि पाठांतराची गाडी चौथी-पाचवीत अडतेच. सेमीतून दहावी झालेली मुलं अकरावी विज्ञानाला पहिले काही महिने धडपडतात हे खरं, पण संकल्पना पक्क्या असल्या की शब्द येतात. उलटं होताना मी कमी पाहतो.

सेमी निवडण्यात तुमच्या मुलीसाठी आणखी एक फायदा आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजी माध्यमातून मराठीत येणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त त्रास मराठी अंकवाचनाचा होतो. "फॉर्टी नाइन" म्हणणाऱ्या मुलाला एकोणपन्नास म्हणजे चाळीसच्या घरातलं हे कळायला वेळ लागतो. त्रेपन्न, एकोणसत्तर, त्र्याऐंशी ऐकून ती चक्रावतात आणि येणारं गणितही चुकतं. सेमीत गणित इंग्रजीतच राहत असल्यामुळे हा घोळ टळतो. तेव्हा प्रवेश घेताना सेमीचीच तुकडी मिळते आहे हे लेखी घ्या. नुसतं "बघू, जागा झाली की टाकू" यावर थांबू नका.

पण शाळा जवळ आहे आणि जुनी आहे एवढ्यावर भुलूही नका. शाळा चालू असताना, एखाद्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमाराला जा. तिसरीच्या चार-पाच मुलांच्या वह्या बघायची परवानगी मागा. सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द सारखं उत्तर असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चूक असूनही पानाखाली लाल टिक असेल तर तपासणी नावापुरती आहे. वाक्यं वेगवेगळी, थोडी वाकडी, आणि बाईंनी शब्द दुरुस्त केलेला दिसला तर तिथे शिकवलं जातं. गणिताचा एक तास दाराबाहेरून ऐका. पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं पूर्ण मराठी असेल तर सेमी फक्त पाटीवर आहे. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा.

मग विचारायचं: वर्गाचा पट किती? कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, शहरातल्या चांगल्या अनुदानित शाळांत वर्ग त्याहून मोठे दिसतात. ४५ मुलं आणि तळमळीच्या बाई हा सौदा मला चालेल, ६० मुलं नाही. शिक्षकांची पदं रिकामी आहेत का? कायम नसलेले, तासिकेवर (तासाच्या हिशेबाने) शिकवणारे किती जण आहेत? आणि शाळा कितवीपर्यंत? चौथीपर्यंतचीच असेल तर दोन वर्षांत पुन्हा हीच शोधाशोध. त्याच संस्थेच्या माध्यमिक शाळेत पाचवीला थेट घेतात का, हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. (ज्यांच्याजवळ नावाजलेली जिल्हा परिषद शाळा आहे त्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारावा: ज्या गुरुजींमुळे शाळा गाजली त्यांची बदली कधी आहे?)

प्रवेशासाठी मुलीची चाचणी किंवा तुमची मुलाखत घेतो म्हणाले तर ते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये बसत नाही. पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळेला ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेश दिल्यावर तिची पातळी समजून घ्यायला काही वाचून घेतलं तर मात्र हरकत घेऊ नका, ती चांगल्या शाळेचीच खूण आहे.

कागदपत्रांचा क्रम चुकला की मनस्ताप होतो. आधी नव्या शाळेत जागा पक्की करा, मगच जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज. दाखला हातात आणि जागा नाही, अशी अवस्था दर जूनला कोणाची तरी होते. लोकप्रिय सेमी तुकड्या मे उजाडायच्या आत भरतात, म्हणून चौकशी आत्ताच करा. दाखला निघण्यापूर्वी जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतली) नोंद डोळ्यांनी बघा: नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळवून पाहा. मूल शाळेत असताना चूक दुरुस्त होते, नाव कमी झाल्यावर तीच चूक फार महागात पडते आणि पुढे जातपडताळणीच्या वेळी रडवते. मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते, म्हणून तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा.

कागदाचा दाखला दिला म्हणजे काम संपलं असं नाही. ऑनलाइन सरकारी नोंदीतही तिला हलवावं लागतं: नवी शाळा विनंती पाठवते, जुनी शाळा मान्य करते. जुनी शाळा इथे रेंगाळू शकते. नव्या अनुदानित शाळेला मात्र तुमची मुलगी पटावर हवीच असते, कारण पटावरच संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी) ठरते आणि एकेका मुलावर शिक्षकाचं पद अडकलेलं असू शकतं, तेव्हा पाठपुरावा त्यांच्याकडून करून घ्या. स्टुडंट आयडी आणि पेन (PEN, मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) लिहून घ्या आणि जुलैअखेर "ट्रान्सफर झाली का?" असं एकदा विचारा. थकलेल्या फीसाठी दाखला अडवला जाण्याचे प्रकार होतात, म्हणून हिशेब आधी पूर्ण करून पावती घ्या. तुम्ही ज्या अनुदानित शाळेत जाणार आहात तिथे तर दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के कोट्यातून प्रवेश घेतलेल्या पालकांनी मात्र थांबून विचार करावा. हा प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो. तो सोडला की दुसऱ्या खासगी शाळेत तिसरीला तशी जागा मागता येत नाही.

मेची सुट्टी तुमच्या हातात आहे. रोज अर्धा तास पुरे. पहिले पंधरा दिवस काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि रोज पाच ओळी श्रुतलेखन. मग जोडाक्षरं, त्यातही रफार (सूर्य, पर्वत) आणि चक्र, प्राणी यांतला र वेगवेगळा घ्या, कारण मुलं इथेच गोंधळतात. ऱ्हस्व-दीर्घावरून तिला टोकू नका, त्याला वर्ष आहे. रात्री एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा. ट्यूशन बंद करा, जूनपासून व्हॅनचाही रोजचा वेळ सुटेल. त्यातली पंधरा मिनिटं सोप्या, चित्रांच्या इंग्रजी पुस्तकाला द्या. मिस्टरांना ते काम सोपवलंत तर त्यांचीही काळजी कमी होईल.

सासूबाईंना आणि सोसायटीतल्यांना "शाळा जवळ घेतली" एवढंच सांगा. ते खरंही आहे. मुलीसमोर जुन्या शाळेला नावं ठेवू नका आणि "तुला झेपत नव्हतं म्हणून" असं तर चुकूनही कोणाला म्हणू देऊ नका. तिची एखादी मैत्रीण तुटेल, तिच्याकडे महिन्यातून एकदा न्या. गल्लीतली जी मुलगी त्या शाळेत जाते तिच्याशी मेमध्येच गट्टी होऊ द्या. नव्या बाईंना पहिल्या आठवड्यात एक कागद द्या: मराठी किती वाचते, इंग्रजीत कुठे अडते, गणित तोंडी चांगलं आहे, पोटदुखीचा इतिहास.

पहिले सहा ते आठ आठवडे विस्कळीत जातील. रडणं, "जुनी शाळा बरी होती", मराठी शुद्धलेखनात शून्य, हे सगळं धरून चाला. गणपतीपर्यंत निकाल काढू नका. सहामाही झाली की तोच एक मिनिटाचा मराठी उतारा पुन्हा घ्या, आकडा आत्ताच्या आकड्याशेजारी लिहा. तो वाढला असेल आणि सकाळची पोटदुखी कमी झाली असेल तर इंग्रजीचं प्रगतिपुस्तक वर्षभर बाजूला ठेवा. आकडा जागचा हललाच नसेल तर शाळेवर चिडू नका, आणखी एक शाळा शोधू नका. दिवाळीच्या सुट्टीत बालविकासतज्ज्ञांची वेळ घ्या आणि दोन्ही नोंदी, कॅलेंडर, वह्या सोबत न्या.